मुकादमाचा पास

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे घरापुढच्या खळ्यात वाळत घातलेली आमसुलं उलटवणं. दुपारचे चार वाजले असतील. मध्ये तिची जुनी साडी अंथरलेली, ती एका टोकाला, मी दुसऱ्या. अर्धी झाल्यावर ती थांबली. म्हणाली, "आवो, ही बाजू मी मघाशी उलटवली ना?" मी म्हटलं, उलटवलीस. दोन मिनिटांनी परत तेच. मग मी खेकसलो, "किती वेळा विचारशील? हात बघ की तुझे, लाल झालेत!" ती हात बघत राहिली. हात लालच होते. तरी तिची खात्री पटेना.

ती खात्री मी घालवली होती. नऊ वर्षांपूर्वी. आणि हे मी कुणालाही सांगितलेलं नाही — मुलीला नाही, भावाला नाही, देवळात देवासमोर उभा राहिलो तेव्हाही नाही. देवाला काय, त्याला माहीतच असणार, असं म्हणून तिथूनही सुटलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं नसतं. असा मी आहे.

माझं शिक्षण सातवी, तीही नापास. तेव्हा कागदावर काही वाकडंतिकडं आलं तर तुमचं तुम्ही सरळ करून घ्या.

आमच्या गावात आंबा बागायतदारांची सोसायटी आहे. तिथे मी वॉचमन होतो आणि माझी बायको, शालिनी, तिथेच कॉम्प्युटरवर बसायची. ती बारावी पास. लग्नात लोक म्हणाले होते, गंगारामला शिकलेली मिळाली, आता सांभाळ म्हणावं. ती सोसायटीत आली तेव्हा मी तिथे आधीपासून फाटकावर होतो. पण दोन वर्षांत ती 'शालिनीबाई' झाली आणि मी 'बाईंचे मिस्टर'. चेअरमन अण्णासुद्धा मला हाक मारायचे ती तशीच. मला ते टोचायचं का? टोचायचं. आता खोटं बोलून काय करू?

त्या कॉम्प्युटरात सगळ्या सभासदांच्या बागांची नोंद होती. कुणाची किती झाडं, कुठल्या झाडाला कधी कसली फवारणी, कुठल्या बागेची पेटी कुठे गेली. अकरा वर्षांची नोंद, तिने एकेक अक्षर टाइप करून भरलेली. फवारणीची नोंद नसेल तर बाहेरदेशी जाणारा माल अडतो, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून ती त्या यंत्राला जपायची. लोक देवघराला जपतात तसं म्हणत नाही — देवघरात निदान उंदीर फिरतो. हिच्याकडे तोही फिरला नसता.

तिचा एक नियम होता. कुणी पेन ड्राइव्ह आणला तर त्यातला कागद, फोटो उघडायचा, पण त्यातला प्रोग्रॅम चालवायचा नाही. यंत्रालाच तिने तसं बजावून ठेवलं होतं. बाहेरून आलेल्या कुठल्याही फायलीला वाचायची परवानगी, चालायची नाही. चालवायला गेलं की पडद्यावर एक ओळ यायची, की परवानगी नाही. बस.

आता यात माझं काय घोडं अडलं होतं? ऐका. लांज्याहून विलास नावाचा एक माणूस मशीन दुरुस्तीला यायचा. चाळिशीचा, पान खाणारा, बोलघेवडा. त्याने मला एक पेन ड्राइव्ह दिला. म्हणाला, "काका, यात पत्त्यांचा खेळ आहे, तुमच्या मशीनवर चालेल असा. दुपारी डुलक्या काढण्यापेक्षा बरा." मी तो घेऊन हिच्याकडे गेलो. तेव्हा ऑफिसात चार-पाच सभासद बसलेले. ही मान वर न करता म्हणाली, "इथे कुणाचाच प्रोग्रॅम चालत नाय. तुमचासुद्धा."

तेवढ्यावर संपलं असतं. पण त्यातला एक जण म्हणाला, "बघा, वॉचमनलाच बायकोच्या दारात पास नाय!"

सगळे हसले. ही पण हसली. वाईट नाही हसली — जशी आपण हसतो तशी. पण मला लागलं. माणसाला काय लागेल याचा काही हिशोब असतो काय? शिव्या दिल्या असत्या तर विसरलो असतो. ते हसणं मी घेऊन बसलो.

पुढच्या खेपेला विलास आला तेव्हा चहावर मी त्याला हे सांगितलं. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "काका, ते कुलूप खोटं आहे." आणि त्याने मला समजावून सांगितलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. मग त्याने माझ्या भाषेत सांगितलं, आणि असं कळलं की अजून विसरत नाही.

बघा, कॉम्प्युटरातला बहुतेक प्रोग्रॅम आपल्या पायाने उठत नाही. त्याला लागणारं सामान दहा ठिकाणी पडलेलं असतं. ते गोळा करून, जोडून देऊन, त्याला उभा करायला आत एक वेगळा प्रोग्रॅम असतो. विलास त्याला लोडर म्हणायचा, डायनॅमिक लिंकर असंही एक मोठं नाव त्याने सांगितलं. मी त्याला मुकादम म्हणतो. हंगामात पेट्या उचलायला माणसं लागतात, ती मुकादम आणतो ना, तसाच. आता हा मुकादम यंत्राच्या घरचा. त्याला चालायची परवानगी कायमची. एरवी तो आपोआप मागून काम करतो. पण तुम्ही त्याचंच नाव आधी लिहिलंत आणि त्याच्यापुढे आपल्या प्रोग्रॅमचं नाव लिहिलंत, तर यंत्र फक्त मुकादमाला विचारतं — तुला परवानगी आहे? आहे. मग जा. आणि मुकादम तुमची फाइल नुसती 'वाचतो' आणि वाचता वाचता उठवून कामाला लावतो. वाचायची परवानगी तर तिला होतीच! चालायची आहे का, हे त्या फायलीला कुणी विचारतच नाही.

मला हे इतकं नीट का कळलं सांगू? कारण फाटकावर मी तेच करत होतो. पॅकिंगच्या शेडमध्ये पासाशिवाय कुणाला सोडायचं नाही, असा सोसायटीचा नियम. मुकादमाकडे पास असायचा. त्याच्यामागे दहा-पंधरा माणसं. मी मुकादमाचा पास बघायचो आणि सगळ्यांना आत सोडायचो. एकेकाचा पास कोण बघत बसणार? एका हंगामात त्या मागच्यांतल्याच एकाने शेडमधला टेबलफॅन नेला. अण्णांनी मला फैलावर घेतलं. त्यांनी वही बघितली तर वहीत काय? मुकादमाचं नाव. चोराचं नाव वहीत कुठून येणार?

म्हणजे बघा, मला माहीत होतं. मुकादमाच्या मागून कोण येतो हे कुणी बघत नाही, आणि मागाहून वहीत त्याचा पत्ताही लागत नाही, हे साऱ्या सोसायटीत माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? उद्या कुणी म्हणेल, बिचारा अडाणी, त्याला काय कळत होतं. तसं म्हणू नका. चीड येते मला त्याची.

विलासने ती ओळ औषधाच्या खोक्यावर इंग्रजीत लिहून दिली. मी ते खोकं खिशात ठेवलं. महिनाभर तरी ठेवलं असेल.

मग एक शनिवार आला. शनिवारी ही सगळ्या नोंदींची दुसरी प्रत करायची. एक वेगळी डिस्क होती, ती जोडायची, प्रत व्हायची, मग डिस्क काढून कपाटात कुलपात. त्या दिवशी प्रत सुरू केली आणि हिला अण्णांच्या घरून बोलावणं आलं, कसल्याशा कागदावर सही हवी होती. ती उठली. मी दारात होतो. मला म्हणाली, "जरा बसा हितं. कुणाला हात लावू देऊ नका."

मला राखणीला बसवून गेली ती.

मी बसलो. दोन मिनिटं नुसता बसलो. मग खोकं काढलं. हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी पडद्यावर कशी उघडायची हे मी तिच्या पाठीमागे उभा राहून हजार वेळा बघितलं होतं. एका बोटाने, अक्षराचं चित्र बघून अक्षर शोधत, ती ओळ टाइप केली. आधी मुकादम, मग खेळ. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा पत्ते आले.

काय आनंद झाला म्हणून सांगू! लाज वाटते, पण झाला. मी दोन डाव खेळलो. एक जिंकलो. तिच्या खुर्चीत बसून, तिच्या नावावर. मनात म्हटलं — बघ, मिळाला पास. मग सगळं बंद केलं, पेन ड्राइव्ह खिशात, आणि परत दारात जाऊन उभा राहिलो. ती आली. म्हणाली, "कोण आलं नव्हतं ना?" मी म्हटलं, कोण येतंय.

सोमवारी एकही फाइल उघडेना. नावं जागच्या जागी, आत नुसता कचरा. प्रत केलेली डिस्क कपाटातून काढली — तिच्यातही तेच, कारण शनिवारी ती जोडलेलीच होती. त्या पत्त्यांच्या मागून आणखी कुणीतरी आत आलं होतं. मला तत्क्षणी कळलं. आणि मी काय केलं? पाण्याचे ग्लास भरायला गेलो.

रत्नागिरीहून इंजिनियर आला. तरुण होता, घाईत होता. त्याने दोन तास बघितलं. म्हणाला, बाहेरचा प्रोग्रॅम न चालू देण्याचा बंदोबस्त शाबूत आहे, कुलूप फुटलेलं नाही, जे काही चाललं ते बाईंच्याच नावावर चाललं. त्या दिवशी काय काय टाइप झालं याचीही एक नोंद असते म्हणे, पण ती तिच्याच फायलींबरोबर नासली होती. मग त्याने निकाल दिला. "मॅडम, परवानगी दिल्याशिवाय हे चालूच शकत नाही. तुम्हीच कधीतरी दिली असणार."

ही म्हणाली, मी नाही दिली. तो म्हणाला, आठवून बघा. ही म्हणाली, नाही दिली. अण्णा म्हणाले, बाई, माणसाच्या हातून होतं. ही म्हणाली, नाही हो अण्णा. मी ग्लासांचा ट्रे घेऊन दारात उभा. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने एकदा कीबोर्डकडे बघितलं, एकदा आपल्या हातांकडे. आणि म्हणाली —

"दिली असेन. इसारले असेन."

इतकंच. त्या मुलाला मुकादमाची वाट माहीत नव्हती. त्या खोलीत ती एकाच माणसाला माहीत होती. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? एक ओळ होती. टाइप करायला तीनदा प्रयत्न केला होता मी. बोलायला एकदाही नाही.

त्या हंगामात बऱ्याच सभासदांचा माल अडला. फवारणीची नोंद दाखवता येईना. लोक येऊन हिला बोलून जात. एका बागायतदाराची म्हातारी आई काठी टेकत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाय गं, तुझ्या त्या डब्यात आमचा हापूस कुजला!" हिने ऐकून घेतलं. महिन्याभरात नोकरी सोडली. अण्णांनी थांब म्हटलं होतं, हे मात्र खरं. हीच म्हणाली, माझ्यावर माझाच भरवसा राहिला नाय, तुम्ही कशाला ठेवता.

मी विलासला फोन केला होता. शिव्या घातल्या. तो म्हणाला, "काका, खेळात काय होतं ते मला माहीत नव्हतं. आणि मी लिहून दिलं, चालवा म्हटलं नव्हतं." फोन ठेवला त्याने. राग आला, पण बरोबर बोलला तो.

पेन ड्राइव्ह मी भाजावळीच्या पातेऱ्यात, म्हणजे शेत भाजायच्या सुक्या पानांत, टाकला आणि काडी लावली. प्लॅस्टिकचा वास सुटला. ही घरातून म्हणाली, काय जळतंय वो? मी म्हटलं, काय नाय, पिशवी होती.

पुढची नऊ वर्षं ही कशी जगली ते सांगतो, मग संपवतो. संपवतो कसलं — ते संपत नाही, पण लिहिणं तरी संपेल. जी बाई अकरा वर्षं एका झाडाचा आकडा चुकली नाही, ती दार लावून चार पावलं गेली की परत यायची कडी बघायला. भातात मीठ घातलं का, तीनदा विचारायची. गॅसचं बटण हाताने चाचपायची, मग डोळ्याने बघायची, मग मला बघायला लावायची. मुलगी गुहागरला असते. तिचा फोन नंबर, जो हिला तोंडपाठ, तो हिने भिंतीवर लिहून ठेवला. मोबाइल दिला तर घेतला नाही. म्हणाली, माझ्या हातून काहीतरी दाबलं जाईल.

आणि मी काय करायचो? मी चिडायचो! "काय सारखं सारखं गं? वेडी झालीस काय?" असं मी म्हणायचो. मी! मी केलेल्या जखमेवरची खपली ती खाजवायची आणि मी तिला ओरडायचो, खाजवू नको म्हणून. याच्याएवढा नालायक माणूस तुम्ही बघितलाय का? बघितला असेल तर सांगू नका. मला त्याने बरं वाटायला नको.

एकदा संगमेश्वरला लग्नाला निघालो होतो. एसटीत शेजारी बसून ती अचानक म्हणाली, "मी ती परवानगी कधी दिली असेन वो? मला तो दिवस काही केल्या आठवत नाय." पाच वर्षं झाली होती तेव्हा. पाच वर्षं ती तो दिवस शोधत होती, जो नव्हताच. मी म्हटलं, सोड ना आता. आणि खिडकीबाहेर बघायला लागलो. तिला वाटलं असणार, नवरा मोठ्या मनाचा, जुनं उगाळत नाही.

एकदा तरी तिने माझ्यावर संशय घ्यायचा ना! शनिवारी खुर्चीत मीच बसलो होतो. साधा हिशोब होता. अकरा वर्षं झाडं मोजणाऱ्या बाईला तो जमला नसता? पण तिने तो केलाच नाही. स्वतःवर घेतला संशय, माझ्यावर नाही घेतला. कधी कधी मला याचाच राग येतो — म्हणजे बघा, अजूनही राग तिच्यावरच.

त्या आमसुलांच्या दिवशी संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. शेजाऱ्याच्या रिक्षातून रत्नागिरीला नेली. वाटेत माझा हात धरून म्हणाली, "गॅस बंद केला ना मी?" मी म्हटलं, केलास. खरं तर मी बघितलाही नव्हता. आणखी एक वाक्य बोलता आलं असतं. रस्ता मोठा होता, शुद्ध होती तिला. मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा दाब. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पडवीत ठेवलेली. गुहागरहून मुलगी यायची होती, म्हणून सगळे थांबलेले. खळ्यात माणसं बसली होती, निम्मी सोसायटीचीच. अण्णा आले. आता थकलेत, दोघांनी धरून आणलं. ते माझ्याशेजारी बसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गंगाराम, बाई सोनं होती. ती एक चूक सोडली तर सोसायटीत तिच्यासारखं काम कुणी केलं नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्यांचा माल अडला होता ते होते. जो पासावरून हसला होता तो होता. आता ती कुणाला विचारणार नव्हती, मला कुणी काही करणार नव्हतं. नोकरी कधीच संपलेली. भ्यायचं काही शिल्लक नव्हतं. ती चार हातांवर होती. फक्त तोंड उघडायचं होतं.

मी उघडलं. म्हणालो, "होतं माणसाच्या हातून, अण्णा. मी तिला त्यावरून कधी एक शब्द बोललो नाय."

लोकांनी माना हलवल्या. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, नवरा असावा तर असा. मी मान खाली घातली आणि ते ऐकून घेतलं.